मुरमाचा हिशेब

आमचा निम्मा जन्म आकड्यांत गेला. बी.कॉम. झालो, एका खाजगी कारखान्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तेव्हापासून जमा आणि खर्च या दोन बाजू जुळवीत बसलो आहोत. वस्तीत कसलीही वर्गणी निघाली की खजिनदार म्हणून आमचेच नाव पुढे येते. पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. तो अभिमान सन २०१९ च्या उन्हाळ्यात उतरला. त्या वर्षी आम्ही आमच्याच आकड्यांच्या जोरावर वस्तीतील एका निरपराध पोराला भर सभेत चोर ठरविले. ही हकीकत सांगताना आजही मान खाली जाते. तरी सांगतो, कारण मुरूम, माती, वाळू यांचा व्यवहार आपल्या प्रत्येक घराला केव्हा ना केव्हा करावा लागतो आणि आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये.

आम्ही राहतो जालन्यात. आमच्या वस्तीला लागून एक मोकळी जागा होती, तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. पोरांना अभ्यासाला बसायला घरात जागा नाही, म्हणून तिथे अभ्यासिका बांधावी असे ठरले. जागा खोलगट होती, पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचे. म्हणून बांधकामाच्या आधी मुरूम टाकून ती उचलून घेणे भाग होते. वर्गणी सुरू झाली. हमाली करणाऱ्यांनी आठवड्याच्या मजुरीतून दिले, बायकांनी बचत गटातून दिले, एका आजीने कोंबड्या विकून दोनशे रुपये आणून आमच्या हातावर ठेवले. असा तो पैसा. त्यातला एक रुपया वाया गेला तरी रात्री झोप लागणार नाही, असे आम्हाला वाटायचे.

मुरूम पुरविणाऱ्याशी भाव ठरला, ब्रासला बाराशे रुपये, पोहोच. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे वाचकांना ठाऊक आहेच. टिपर दोन ब्रासचा. वीस खेपा आल्या. बिल आले चाळीस ब्रासचे, अठ्ठेचाळीस हजार रुपयांचे. मुरूम पसरून झाला, दोन दिवस पाणी मारले, रोलर फिरविला. शेजारच्या भिंतीवर आम्ही आधीच मूळ जमिनीच्या आणि भरावाच्या खुणा करून ठेवल्या होत्या. टेप घेऊन नऊ ठिकाणी जाडी मोजली. सरासरी अडीच फूट भरली. तीस गुणिले चाळीस गुणिले अडीच, म्हणजे तीन हजार घनफूट. तीस ब्रास.

बिल चाळीसचे आणि जमिनीत तीस. दहा ब्रास कुठे गेले? बारा हजार रुपये कुठे गेले?

आम्ही हिशेबनीस माणूस. दोन बाजू जुळल्या नाहीत की मधे कोणीतरी खाल्ले, एवढेच आम्हाला शिकविले गेले होते. पुरवठादाराला विचारले, तर तो म्हणाला, "मी चाळीस पाठवले. खाणीवर भरणारा तुमच्याच वस्तीतला आहे, त्यालाच विचारा." आणि खरेच, खाणीवरच्या जेसीबीवर ऑपरेटर होता तो आमच्यापासून चौथ्या घरातला पोरगा. वय तेवीस. बाप लहानपणीच गेलेला, आई चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी. पोराने दहावीनंतर शाळा सोडली, दोन वर्षे मशीनवर हेल्पर म्हणून ग्रीस लावले आणि मग ऑपरेटर झाला.

रविवारी सभा झाली. आम्ही फळ्यावर चाळीस लिहिले, खाली तीस लिहिले, रेघ मारून दहा काढले आणि म्हणालो, "दहा ब्रास मुरूम काही वाऱ्याने उडत नाही. भरणाऱ्याने बकेट अर्धी ठेवली असेल, तरच हे होते. आपल्याच माणसाने आपल्या पोरांच्या अभ्यासिकेवर डल्ला मारावा, ही लाजेची गोष्ट आहे." नाव घेतले नाही, पण नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. पोरगा खाणीवर होता. त्याची आई मागच्या रांगेत बसली होती. ती उठली, पदर सावरला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. वर्गणीच्या यादीत तिचे पाचशे रुपये होते, हे आम्हाला नंतर आठवले.

घरी आलो तेव्हा आमची आई ओसरीवर बसली होती. सभेतले सारे तिच्या कानावर आधीच गेले होते. आमच्या आईने १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात तलावाच्या कामावर माती वाहिलेली. रोजगार हमीचा कायदा झाला पुढे १९७७ साली, पण तिच्यासारख्यांनी खडी फोडायला आणि माती उपसायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. ती म्हणाली, "तू काय मोजलंस?"

"भराव मोजला," आम्ही म्हणालो.

"म्हणजे दाबलेली माती. अन् त्या लेकरानं भरली ती सैल माती. सारवलेलं अंगण अन् दारातला ढीग एकाच पायलीनं मोजतोस व्हय रे? आमच्या कामावर मुकादम पाट्या नव्हता मोजत, खड्डा मोजायचा. मधी मधी मातीचे खुंट तसेच ठेवायचे, किती खोल गेलं ते दिसावं म्हणून. पाटी भरणाऱ्याच्या हातात असते, खड्डा कुणाच्या हातात नसतो."

आई शाळेत गेलेली नाही. आम्ही पदवीधर. त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा स्वतःच आला. अंगावर मुरमाची तांबूस धूळ तशीच. आम्ही "बस" म्हणालो, तो बसला नाही. खिशातून त्याने शाळेची एक चाळीस पानी वही काढली, घडी पडून मऊ झालेली. म्हणाला, "काका, तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हे बघा."

वहीत तारीखवार खेपा लिहिल्या होत्या. प्रत्येक खेपेपुढे रेघा होत्या, बकेटमागे एक. चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा जुड्या. चौदा खेपांपुढे पाच पाच रेघा आणि सहा खेपांपुढे चार चार. "ह्या सहा संध्याकाळच्या," तो म्हणाला. "मालकाचा फोन यायचा, चारच टाक आणि लवकर सोड, अजून दोन ठिकाणी गाडी जायची आहे. मी नोकर माणूस. टाकल्या चार. पण लिहून ठेवल्या."

"लिहिल्या कशाला?" आम्ही विचारले.

"सवय आहे. उस्तादानं शिकवलं, जेवढं भरशील तेवढं लिही, उद्या कोणी बोललं तर कागद बोलेल."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. हिशेबाची वही तर आम्ही ठेवतो, असे आम्ही समजत होतो. एक वही खाणीवर मशीनच्या केबिनमध्येही होती आणि ती पाहायला मागावी, हे आम्हाला सुचलेही नव्हते.

चौदा पंचे सत्तर आणि सहा चोक चोवीस. एकूण चौऱ्याण्णव बकेट. आता प्रश्न राहिला, एका बकेटमध्ये मुरूम किती? तिथून आमचे खरे शिक्षण सुरू झाले. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून खाणीवर गेलो.

आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, ते नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावातील आद्याक्षरांवरून आले. त्याने १९४५ साली इंग्लंडमध्ये हा उद्योग सुरू केला आणि १९७९ पासून त्या कंपनीची यंत्रे हरियाणातील बल्लभगड येथे तयार होऊ लागली. पुढे अनेक कंपन्यांनी तशी यंत्रे काढली, पण लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले. या यंत्राला दोन बकेट असतात. मागची खोदायची, लहान, साधारण पाव घनमीटरची. पुढची भरायची, मोठी, साधारण एक ते सव्वा घनमीटरच्या दरम्यान. तेव्हा कोणी "इतक्या बकेट टाकल्या" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारावा, पुढच्या की मागच्या? दोन्हींत चौपट फरक आहे.

आमच्या पोराच्या मशीनची पुढची बकेट १.१ घनमीटरची होती. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, तेव्हा १.१ घनमीटर म्हणजे ३८.८ घनफूट. आम्ही लगेच कागद काढला. पोरगा हसला. "थांबा काका. हा आकडा शिगेचा आहे."

वाचकांपैकी ज्यांनी पायलीने धान्य मोजलेले पाहिले आहे, त्यांना हे चटकन कळेल. पायली काठोकाठ भरून वरून हात फिरविला तर ते सपाट माप आणि वर टेकडी होऊ दिली तर ते शिगेचे माप. बकेटचेही तसेच. एक सपाट माप असते आणि एक शिगेचे. कंपनी जो आकडा सांगते तो बहुधा शिगेचा असतो. ती शीग किती धरायची याचे नियम ठरलेले आहेत. पुढच्या लोडर बकेटसाठी दोनास एक असा उतार धरतात, म्हणजे दोन फूट आडवे गेले की एक फूट उंची. खोदणाऱ्या एक्स्कव्हेटरच्या बकेटची शीग मात्र एकास एक अशी उभट धरतात. ही झाली कागदावरची शीग. खाणीतला माल कागद वाचून बसत नाही.

पोराने आमच्यासमोर बकेट भरून दाखविली. ओलसर, बारीक मातीचा ढीग होता, त्यात बकेट घातली तर ती कागदावरच्या शिगेपेक्षाही थोडी जास्त आली, कारण ओलसर माती धरून राहते. मुरमाच्या ढिगात घातली तर एका कोपऱ्यात थोडी पोकळी राहिली, खडे घरंगळले. मग तो बाजूच्या फोडलेल्या काळ्या दगडाच्या ढिगाकडे गेला. तिथे बकेट दिसायला भरलेली, पण दगडा-दगडांमध्ये पोकळीच पोकळी. या क्षेत्रातील जाणकार असे धरतात, की ओलसर माती शंभराला शंभर किंवा दहाने अधिक भरते, वाळू आणि बारीक खडे शंभराला पंच्याण्णवपासून वर भरतात, घट्ट चिकण माती ऐंशी ते नव्वद, चांगला फोडलेला दगड साठ ते पंचाहत्तर आणि नीट न फुटलेला दगड तर चाळीस-पन्नासच. म्हणजे बकेटवरचा आकडा हा ठरविलेल्या शिगेचा. प्रत्यक्षात किती आले, ते माल ठरवितो आणि भरणारा हात ठरवितो.

मुरमाला आम्ही शंभराला पंच्याण्णव धरले. ३८.८ चे पंच्याण्णव टक्के म्हणजे सुमारे ३६.९ घनफूट. ही एका बकेटची खरी भरती.

पण आमचा कारकुनी जीव एवढ्यावर समाधानी होईना. एकदा चूक केली होती, दुसऱ्यांदा करायची नव्हती. म्हणून आणखी एक पडताळा घेतला. सुताराकडून एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी फळ्यांची पेटी करून घेतली. तीत सैल मुरूम सपाट भरला आणि रेशन दुकानाच्या काट्यावर नेला. पेटीचे वजन वजा करून मुरूम भरला पंचेचाळीस किलो. आता ३६.९ घनफुटांच्या पाच बकेट म्हणजे साडेचौऱ्याऐंशी कमी... नव्हे, १८४.५ घनफूट. त्याला पंचेचाळीसने गुणले तर ८,३०२ किलो. पोराच्या वहीत पहिल्या खेपेची वजनकाट्याची चिठ्ठी टाचून ठेवलेली होती. भरलेल्या टिपरातून रिकाम्या टिपराचे वजन वजा केले तर ८,२७० किलो. बत्तीस किलोचा फरक. आमच्या कचेरीतल्या ताळेबंदातही इतके जुळताना आम्ही क्वचित पाहिले आहे.

खाणीवर पोराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पैशाहून मोलाची आहे. "काका, बकेटमध्ये किती मावतं हे एक माप, आणि मशीनला किती सोसतं हे दुसरं." एका घनमीटर जागेत सैल दगडी कोळसा टनाच्या आत भरतो, पण फोडलेला काळा दगड दोन टनांच्या घरात जातो. बकेट तीच, दिसायला भरतीही सारखी, वजन मात्र दुप्पट. म्हणून कोळशाच्या कामाला मोठी बकेट लावतात आणि दगडाला लहान. ज्या वजनाने लोडरची मागची चाके उचलून मशीन पुढे कलंडेल, त्याच्या निम्म्याहून अधिक वजन चाकाच्या लोडरच्या बकेटमध्ये घेऊ नये, असा नियम आहे. आणि ते कलंडण्याचे वजनही मशीन वळलेल्या स्थितीत मोजायचे, कारण वळणावर तोल लवकर जातो. तो म्हणाला, "मालक म्हणतो, अजून थोडं घे, एक फेरी वाचेल. मशीन कलंडलं तर मालकाला विमा आहे. मला आई आहे." धरणातला ओला गाळ उचलताना तो बकेट मुद्दाम कमी भरतो, कारण गाळ पाण्याने जड झालेला असतो आणि पायाखालची जमीनही भुसभुशीत असते. बकेट कमी भरली की तो चोरी करतो, असे वरून बघणाऱ्याला वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते.

आता हिशेब. चौऱ्याण्णव बकेट, प्रत्येकी ३६.९ घनफूट. गुणाकार ३,४६८ घनफूट, म्हणजे ३४.७ ब्रास. बिल चाळीसचे, प्रत्यक्ष आले ३४.७ आणि जमिनीत मोजले तीस. म्हणजे सैल मुरूम आणि दाबलेला मुरूम यांत ४.७ ब्रासचा फरक पडला. तो कोणी खाल्ला?

कोणीच नाही. माती तीन रूपांत असते. खाणीत निजलेली असते तेव्हा ती घट्ट असते. खणली की फुगते, कणाकणांत हवा शिरते. पुन्हा टाकून, पाणी मारून, रोलरने दाबली की हवा निघून जाते आणि ती बसते. साधी माती खाणीत शंभर घनफूट असेल तर खणल्यावर सव्वाशेच्या आसपास होते आणि चांगली दाबली की नव्वदच्या आसपास येते. फोडलेला काळा दगड तर दीडपट फुगतो आणि कितीही दाबला तरी पुन्हा शंभरावर येत नाही. मुरूम या दोघांच्या मधला, खडेदार, मातीइतका बसत नाही. आमचा ३४.७ चा तीस झाला, म्हणजे शंभराला साडेतेरा बसला. यात नवल काही नव्हते. आई म्हणाली होती तेच, फक्त आम्हाला ते आकड्यांत उतरवायला आठ दिवस लागले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा सभा बोलावली. पोराच्या आईला बोलवायला आमची सौभाग्यवती आणि आम्ही दोघे गेलो. "वहिनी, चूक आमची आहे. सर्वांसमोर बोललो, सर्वांसमोरच निस्तरू द्या," असे म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुमचा शब्द लोक खरा धरतात. म्हणून तर जास्त लागलं." आणि आल्या.

फळ्यावर आम्ही पुन्हा दहा लिहिले आणि त्याची फोड केली. ४.७ ब्रास पाणी आणि रोलरने बसले, त्यात कोणाचा दोष नाही. पाच बकेटच्या चौदा खेपांत दोन ब्रासऐवजी १.८५ ब्रास आले, त्यात २.२ गेले. चार बकेटच्या सहा खेपांत दोन ब्रासऐवजी जेमतेम दीड आले, त्यात ३.१ गेले. बेरीज दहा. मग आम्ही म्हणालो, "मागच्या सभेत आम्ही जे बोललो ते खोटे होते. या पोराने एक बकेटही लपविली नाही. उलट, आज जो हिशेब आपल्या हाती आहे तो त्याच्या वहीमुळे आहे. आम्ही त्याची आणि त्याच्या आईची माफी मागतो." सभेत कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. बरेच झाले. माफी ही टाळ्या घेण्याची गोष्ट नव्हे.

पुरवठादार आला. पाच बकेट म्हणजे दोन ब्रास हा बाजाराचा प्रघात आहे, त्यात मी बदल करणार नाही, असे तो म्हणाला. आम्ही ते मान्य केले, कारण व्यवहार ठरविताना आम्हीच बकेट मोजून घेण्याची अट घातली नव्हती. चार बकेटच्या सहा खेपांवर मात्र त्याच्याजवळ उत्तर नव्हते. तीन ब्रासचे ३,६०० रुपये त्याने बिलातून कमी केले. बारा हजारांची आमची ओरड, पदरात पडले छत्तीसशे. पण ते खरे छत्तीसशे होते.

या हिशेबाची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. वही दाखविली म्हणून त्या मालकाने पोराला कामावर यायला मनाई केली. दोन महिने तो घरी बसला. त्या दोन महिन्यांत आम्ही ओळखीच्या चार ठिकाणी शब्द टाकला, शेवटी एका रस्त्याच्या कामावर त्याला मशीन मिळाले. ते आमच्यामुळे मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. तिथल्या मुकादमाने त्याची वही पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ये म्हणाला, असे पोरगा सांगतो. आता तो मोठा एक्स्कव्हेटर चालवितो. वही अजून ठेवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, या अनुभवातून चार गोष्टी आम्ही गाठीला बांधल्या आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवतो. घराच्या भरणीसाठी, शेतातल्या बांधासाठी, किंवा २०१७ पासून गाळमुक्त धरणाच्या योजनेत शेतकरी धरणातला गाळ शेतात नेऊ लागले तशा कामासाठी त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, सौदा ठरतानाच माप कोणते ते ठरवावे. टिपरातले सैल माप, की जमिनीतले दाबलेले माप? दोन्हींचा भाव वेगळा असतो. दाबून तीस ब्रास हवे असतील तर सैल पस्तीस-चाळीस मागवावे लागतील, हे आधीच धरून वर्गणी काढावी.

दुसरी, टिपर आला की फाळका उघडण्यापूर्वी आतून मोजावा. अकरा फूट लांब, सात फूट रुंद आणि दोन फूट सात इंच उंच एवढा हौदा सपाट भरला असेल तर दोन ब्रास होतात. मधे टेकडी आणि कडेला खड्डे असतील तर लांबून गाडी भरलेली दिसते, पण माल दीड ब्रासचा असू शकतो. वाटेतल्या धक्क्यांनी शीग थोडी बसते, तेवढी सूट द्यावी.

तिसरी, वजनाने माल घेत असाल तर ओला घेऊ नये आणि मापाने घेत असाल तर फार भुसभुशीत घेऊ नये. वजनाने ओला घ्याल तर पाण्याचे पैसे द्याल, मापाने सैल घ्याल तर हवेचे पैसे द्याल. शंका आली तर एक फुटाची पेटी आणि रेशन दुकानाचा काटा, एवढ्यावर पडताळा होतो. त्याला इंजिनिअर लागत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. आकडा जुळला नाही तर बोट दाखविण्यापूर्वी भरणाऱ्याला विचारावे. मशीनवर बसलेला माणूस दिवसभर तेच पाहत असतो. कोणता माल किती भरतो, केव्हा जड होतो, कोणत्या वळणावर मशीन डुलते, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे आज अशा यंत्रांवर आहेत. त्यांना आपण अडाणी समजतो आणि कागदावरचे गणित करणाऱ्याला शहाणा समजतो. दोन्ही गणिते एकत्र आली, तेव्हाच आमचा हिशेब सुटला.

त्या मुरमावर अभ्यासिका उभी राहिली. संध्याकाळी दिवे लागले की पंचवीस-तीस मुले-मुली तिथे बसतात. पाच पावसाळे झाले, जमीन कुठे खचली नाही. नीट बसलेला भराव होता म्हणून. ज्या ४.७ ब्राससाठी आम्ही एका आईला सभेतून उठविले, तेच घट्ट बसून आज पोरांच्या पायाखाली आहेत.

फुटाची ती पेटी आम्ही अभ्यासिकेच्या कपाटावर ठेवली आहे. आठवीच्या पोरांना घनफळ शिकवायची वेळ आली की ती खाली काढतो. आणि शिकवायला आम्ही उभे राहत नाही. सुट्टीच्या दिवशी त्या पोराला बोलावतो. तो बकेटचे गणित फळ्यावर मांडतो आणि आम्ही मागच्या रांगेत, त्या दिवशी त्याची आई जिथे बसली होती तिथे, बसून ऐकतो.